ठासणीची रायफल: तिसऱ्या बारानंतर गज अडकतो. टोपी बदलावी का?

नेम_बोरिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन बंदुकांचा आहे, पण दुखणं सारखंच वाटतंय, म्हणून एकत्र विचारतो.

पहिली माझ्या परवान्यावरची ठासणीची रायफल (तोंडातून दारू-गोळी गजाने ठासायची). ५० कॅलिबर, नळी २८ इंच, आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) ४८ इंचांत एक फेरा, घोडा बाजूला, दारू पेटवायला ११ नंबरची टोपी (घोडा आपटला की फुटते ती). भार: अस्सल काळी दारू, दोन एफ (दाण्याची जाडी), मापाने ७० ग्रेन. गोळी गोल, ०.४९० इंच. पॅच (गोळीभोवतीचं कापड) मांजरपाटाचा, वर्नियरवर ०.०१५ इंच, त्याला पेट्रोलियम जेली. रेंजवरून आल्यावर नळी साफ करून शिलाई मशीनचं तेल फिरवून ठेवतो. टोप्या मॅग्नम वापरतो.

त्रास असा: पहिले दोन बार नीट जातात. तिसऱ्या भराला गोळी दारूच्या दीड-दोन बोटं वर येऊन थांबते आणि गज दोन्ही हातांनी रेटावा लागतो. पाचव्याला तर लाकडी गज मोडेल असं वाटतं. शिवाय जून ते सप्टेंबर बार उशिरा होतो: टोपी फुटते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग बार. निपलमध्ये (टोपी बसते त्या भोकाच्या सुळक्यात) काळा चिखल सापडतो.

दुसरी बंदूक चुलतभावाची, मिशिगनमध्ये. इनलाइन (ठिणगी सरळ दारूच्या मागून), टोपीच्या जागी २०९ प्रायमर, ट्रिपल सेव्हन या बदली दारूच्या दाबलेल्या वड्या म्हणजे पेलेट, सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं वेष्टण). त्याच्याही नळीत दारूच्या जरा पुढे कडक कडं बसतं. त्याला कोणीतरी सांगितलं की प्रायमर सौम्य घे. मीही मॅग्नम सोडून साधी टोपी घ्यावी का? की उलट मोठ्या मस्केट टोपीचं निपल लावून आग वाढवावी? निपल काढून २०९ चा अडॅप्टर बसवायचाही विचार आहे. दोघांनाही एकच उपाय चालेल का?

---

चाप_आणि_घोडा

नाही चालणार. लक्षण दोघांचं सारखं असलं तरी दुखणं वेगळं आहे. भावाचं कडं प्रायमरमुळे असण्याची दाट शक्यता आहे. तुमचं प्रायमरमुळे नाही, तुमच्या तेलामुळे आहे.

आधी हिशोब करून बघा. ७० ग्रेन म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम दारू. काळ्या दारूत ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. ती जळून पूर्ण वायू होत नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन राहतो, म्हणजे प्रत्येक बाराला अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियमचे क्षार. त्यातला बराचसा पांढरा धूर होऊन तोंडातून बाहेर जातो, बाकी आट्यांत बसतो. टोपीतला मसाला त्यापुढे काही मिलिग्रॅम. म्हणून टोपीची स्वतःची काजळी नळी भरून टाकते हे डोक्यातून काढा. टोपीने फरक पडतो तो दोन ठिकाणी: दारू कशी पेटते त्यात, आणि निपलच्या भोकात काय उरतं त्यात.

आता तुमचं कीट, म्हणजे नळीत बसणारी जळलेल्या दारूची घाण. मुंबईच्या हवेत काळ्या दारूचं कीट मऊ असतं, कारण ते क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. सोलापुरात मे महिन्यात ते विटेसारखं भाजून निघतं, इथे पाच मिनिटांत ओलसर होतं. बोरिवलीच्या हवेत तिसऱ्या बाराला कडक कडं बसत असेल, तर ते नुसतं दारूचं कीट नाही. पेट्रोलियम जेली आणि शिलाई मशीनचं तेल ही दोन्ही खनिज तेलं. काळ्या दारूच्या ज्वाळेत ती भाजली की डांबरासारखा थर धरतात आणि पुढचं कीट त्या थरावर चिकटत जातं.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. तिसऱ्या बारानंतर जॅगवर (गजाच्या टोकाचा चिंधी धरणारा तुकडा) कोरडी चिंधी लावून त्या अडकणाऱ्या जागेवरचं थोडं खरवडून आणा. चमच्यात कोमट पाणी घेऊन त्यात टाका. खरं कीट लगेच विरघळतं, पाणी काळं होतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तेलाचं डांबर असेल तर ते पाण्यात तसंच तरंगत राहतं, अंगठ्याने चोळलं की पसरतं आणि रॉकेलशिवाय निघत नाही.

तर पहिलं काम टोपी बदलणं नाही. नळीतलं जुनं तेल मुळापासून काढा. निपल उतरवा, रॉकेलची चिंधी चार-पाच वेळा, मग कोमट साबणपाणी, मग कोरडी चिंधी, शेवटी स्पिरिटची. पांढरी चिंधी पांढरी बाहेर आली पाहिजे. त्यानंतर पॅचवर वनस्पती तेल किंवा प्राण्याची चरबीच येऊ द्या.

हे झाल्यावर टोपीकडे या. तुमची दारू अस्सल काळी आहे. ती पेटायला सगळ्यात सोपी. तिला मॅग्नम टोपीची गरज नाही. मॅग्नम टोपी उपयोगी पडते ती पायरोडेक्ससारख्या बदली दारूला, कारण ती पेटायला जास्त उष्णता मागते. साध्या काळ्या दारूवर ११ नंबरची साधी टोपी पुरते, फक्त वाट मोकळी हवी. तुमचा बार उशिरा होतो तो टोपी कमी पडते म्हणून नाही, वाट तुंबलेली आहे म्हणून. जास्त जोराची टोपी त्या चिखलातून आग ढकलते, म्हणून वरवर बरं वाटतं, पण चिखल तिथेच राहतो.

निपल असं तपासा:

भोक: नव्या निपलचं साधारण ०.७ मिलिमीटर असतं. ०.७ च्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी जायला हवी, ०.९ ची जायला नको. ०.९ सहज गेली तर निपल झिजलं. मग बाराचा दाब मागे येतो, टोपीच्या चिंधड्या उडतात आणि घोडा अर्ध्या चापापर्यंत मागे फेकला जातो.

सुळका: टोपी अंगठ्याच्या हलक्या दाबाने बुडापर्यंत बसली पाहिजे. घोड्याच्या पहिल्या ठोक्याला टोपी नुसती खाली बसते आणि दुसऱ्याला फुटते, असं होत असेल तर सुळक्याचं टोक ठोकून पसरलंय. टोपी चिमटून घट्ट बसवू नका, नवीन निपल लावा. मागवताना निपल बसवायच्या आट्यांचं माप बघा: अमेरिकी बंदुकांत पाव इंच २८ (जाडी पाव इंच, इंचात २८ आटे), स्पॅनिश बनावटीत ६ मिलिमीटर गुणिले १ (जाडी आणि दोन आट्यांतलं अंतर), इटालियनमध्ये बऱ्याचदा ६ गुणिले ०.७५. ६ गुणिले १ चं निपल ०.७५ च्या भोकात पहिले दोन फेरे जातं आणि मग आटे खातं.

एक गोष्ट मात्र ताबडतोब करा, बाकी सगळं नंतर. गजावर खूण. रिकाम्या नळीत गज बुडाला टेकवून तोंडाशी एक रेघ, आणि स्वच्छ नळीत ७० ग्रेन व गोळी पूर्ण बसवून दुसरी रेघ. तुम्ही लिहिलंय की गोळी दारूच्या दोन बोटं वर थांबते. तशीच ठेवून बार काढलात तर दारू आणि गोळीच्या मधल्या पोकळीमुळे नळी त्या जागी फुगते, क्वचित फाटतेही. दुसरी रेघ तोंडाशी आली नाही तर टोपी लावायचीच नाही.

---

इनलाइन_५०

भावाच्या बंदुकीबद्दल लिहितो, कारण तिथे खरोखर प्रायमरच बघावा लागतो.

२०९ हा मुळात छर्ऱ्याच्या काडतुसाचा प्रायमर. त्याचं काम काडतुसातल्या बिनधुराच्या दारूला पेटवणं, म्हणून त्यात ११ नंबरच्या टोपीपेक्षा कितीतरी जास्त मसाला असतो. इनलाइनमध्ये तो सरळ दारूच्या पाठीत आग मारतो. ट्रिपल सेव्हनच्या पेलेटला मधे आरपार भोक असतं. जोरदार प्रायमरची ज्वाळा आणि दाब त्या भोकातून थेट सॅबोपर्यंत जातो, दारू नीट पेटायच्या आत सॅबो आणि पेलेट जरा पुढे सरकतात, आणि जळण्याची राख पेलेटच्या पुढच्या टोकाशी गोल कड्यासारखी भाजून बसते. पुढच्या भराला सॅबो तिथेच अडकतो. तुमच्या भावाने सांगितलेली जागा, दारूच्या जरा पुढे, हीच.

त्याने हे करावं:

१. आत्ता कोणता प्रायमर वापरतो ते बघावं. फेडरल २०९ए आणि सीसीआय २०९एम हे जोरदार गटातले. ट्रिपल सेव्हनसोबत हे वापरत असेल तर कड्याचं कारण समोरच आहे. विंचेस्टर खास ट्रिपल सेव्हनसाठी सौम्य २०९ बनवतं, आणि पुष्कळ ठिकाणी नुसत्या 'मझललोडर' (ठासणीची बंदूक) लेबलचे २०९ मिळतात. त्यातला एक घ्यावा.

२. पेलेट सोडून सुटी दारू घेऊन बघावी. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा तेज आहे, म्हणून मापाने १५ टक्के कमी: १०० ग्रेनच्या जागी ८५. मापाने, तराजूने नाही. बदली दारूंची घनता वेगळी असते, वजनाने भरलं तर भार भलताच होतो. ठासताना प्रत्येक वेळी सारखाच हलका दाब द्यावा.

३. दोन बारांमध्ये एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, त्याचं कडं साध्या पाण्याने सुटतं. सौम्य प्रायमर लावूनही कड्याचा मागमूस राहतो, फक्त तो चिंधीने निघण्याइतका हलका होतो.

आता यातला धोका. हा सल्ला ऐकून त्याने उद्या ब्लॅकहॉर्न २०९ दारू घेतली आणि तोच सौम्य प्रायमर लावला, तर बार उशिरा होईल किंवा होणारच नाही. ब्लॅकहॉर्नमध्ये नायट्रोसेल्युलोज आहे, ती पेटायला अवघड, तिला फेडरल २०९ए किंवा सीसीआय २०९एम हेच लागतात. 'मझललोडर' लेबलचे प्रायमर तिच्यासाठी चुकीचे. ती पाण्याने साफही होत नाही, बंदुकीचं नेहमीचं सॉल्व्हंट लागतं. म्हणजे प्रायमर ठरतो दारूवरून. दारू बदलली की प्रायमरचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायचा.

कडं पुढे नसून काजळी मागे, बोल्टवर आणि प्रायमरच्या अंगावर येत असेल, तर गोष्ट निराळी. झडलेला प्रायमर काढून बघावा. तोंडाशी काळा आणि बाजूला स्वच्छ पितळी असेल तर ठीक. कडेच्या पट्टीपर्यंत काळा झाला असेल तर मागे फट आहे आणि वायू तिथून परततोय. यावर प्रायमर बदलून काही होत नाही. रिकाम्या बंदुकीत, आधीच झडलेल्या प्रायमरच्या बुडावर साध्या चिकटपट्टीचे एकेक थर लावत बोल्ट बंद करून बघायचं. दोन-तीन थरांपर्यंत काहीच अडत नसेल तर फट खरी आहे. ब्रीच प्लगमधलं (नळीच्या बुडाच्या बुचातलं) रबरी कडं बदलावं किंवा त्या मॉडेलचा जुळणारा प्लग घ्यावा.

ब्रीच प्लगचं भोक नवं असताना ०.७ ते ०.८ मिलिमीटर. १ मिलिमीटरची दांडी गेली की प्लग बदलायचा. प्रत्येक वेळी आटे साफ करून अँटी-सीझ ग्रीस लावून बसवायचा, नाहीतर पुढच्या मोसमात तो निघत नाही.

---

मांजरपाट

वर पॅच आणि तेलाबद्दल ओझरतं आलंय, ते जरा खोलात सांगतो. ठासणीत कीट आवरण्याचं निम्मं काम कापड करतं.

मांजरपाट चालतो, पण नवा तसाच वापरू नका. त्यात खळ असते, ती जळून वेगळाच थर देते. आधी गरम पाण्यात साबणाने धुवा, उन्हात वाळवा, मग मापा. धुतल्यावर कापड आटतं आणि जाडी वाढते. दुकानात ०.०१५ निघालेलं घरी ०.०१७ होतं, आणि तेवढ्यानेच गोळी घट्ट जाते. मंगलदास मार्केटात गादीचं जाड पट्टेरी कापड मिळतं, विणीला घट्ट असतं, पॅचसाठी मांजरपाटापेक्षा सरस. शंभर टक्के सुती आहे ना बघा: एक दोरा पेटवा. कागदासारखी राख झाली तर सुती, वितळून मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे आणि ते आट्यांत वितळून चिकटेल.

झाडलेले पॅच उचलून बघायची सवय लावा. रेंजवर पंधरा-वीस पावलांवर पडलेले सापडतात. मधे काळा गोल, कडेने फुलासारख्या फाकलेल्या झालरी, कापड अखंड: सगळं बरोबर. मधे भोक जळालंय: कापड पातळ किंवा वंगण कमी. कडेने आट्यांच्या रेघांवर कापलंय: नळीच्या तोंडाची धार पॅच खातेय. चिंध्या झाल्यात: वायू गोळीच्या बाजूने निसटतोय, आणि असा निसटलेला वायूच आट्यांत कीट भाजतो.

वंगण: १ भाग मधमाशीचं मेण, ३ भाग एरंडेल. मेण थेट आचेवर नको, पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवा, एरंडेल घाला, ढवळून डबीत ओता. मे महिन्यात पातळ वाटलं तर मेण दीड भाग करा. खोबरेल सुचवतात बरेच जण, आणि काळ्या दारूसोबत ते वाईट नाही, पण ते साधारण २४ अंशांना वितळतं. मुंबईत ते वर्षातले बहुतेक दिवस पातळच. पॅचमधून निथळून दारूत उतरतं आणि तळची दारू भिजते. मग बार उशिरा होतो आणि माणूस टोपीला दोष देतो.

दोन बारांमधली चिंधी. इथे बहुतेकांची चूक होते आणि निपलमधला चिखल बहुतेक तिथूनच येतो. चिंधी ओलसर हवी, ओली नाही. पिळल्यावर थेंब पडता कामा नये. आणि जॅग जरा बारीक हवा. ५० च्या नळीत जॅग आणि चिंधी इतकी घट्ट असेल की खाली जातानाच आट्यांना पुसत जाते, तर ती सगळं कीट पुढे लोटत बुडाशी नेते आणि आग यायच्या वाटेत ठासते. बारीक जॅगवर चिंधी खाली जाताना सैल सरकते, वर ओढताना मागे गोळा होऊन घट्ट बसते आणि कीट बाहेर काढते. हाताला फरक लगेच कळतो: खाली जाताना गज स्वतःच्या वजनाने उतरल्यासारखा, वर येताना ओढ लागते. जॅग जाड असेल तर लेथवर अंगाला अर्धा मिलिमीटर कमी करून घ्या.

क्रम: बार झाला, ओलसर चिंधी एकदा खाली, एकदा वर, बाहेर. उलटी करून परत एकदा. मग कोरडी. मग निपलवर एक टोपी लावून तोंड सुरक्षित दिशेला, जमिनीजवळ एखाद्या पानापाशी धरून नुसती टोपी फोडायची. पान हललं म्हणजे वाट मोकळी. मग दारू. दारू ओतताना फ्लास्क थेट तोंडाला लावायचा नाही, मापातूनच ओतायची. आत ठिणगी राहिली असेल तर मापातली ७० ग्रेन पेटेल, हातातला अख्खा फ्लास्क नाही.

पाण्यात पाव भाग आयसोप्रोपिल घातलं तर पावसाळ्यात चिंधीचा ओलावा लवकर उडतो. हिवाळ्यात नुसतं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरतात.

---

नेम_बोरिवली

चाप_आणि_घोडा, चमच्याची चाचणी केली. पाणी काळं झालं, पण वर तपकिरी पापुद्रा तरंगत राहिला आणि बोटाला डांबरासारखा चिकटला. म्हणजे तेलच. निपलमध्ये ०.९ ची दांडी जाते, तेही बदलतो.

दोन शंका राहतात. मस्केट टोपीचं निपल पावसाळ्यापुरतं लावलं तर? आणि २०९ च्या अडॅप्टरबद्दल कोणी काही बोललं नाही.

---

परवाना_आणि_पावती

अडॅप्टरबद्दल मी सांगतो. बंदुकीचं रूपांतर हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याचं काम आहे. परवानाधारक बंदूक-कारागिराकडे आधी विचारा, गरज असेल तर परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, आणि पावती जपून ठेवा. झिजलेलं निपल त्याच मापाच्या निपलने बदलणं ही दुरुस्ती. पेटवण्याची पद्धतच बदलणं ही वेगळी गोष्ट. घरी ड्रिल लावून आटे वाढवणं तर मुळीच नको.

कायद्याशिवायही हरकत आहे. बाजूच्या घोड्याच्या बंदुकीत २०९ डोळ्यापासून एक वीत अंतरावर उघड्यावर फुटतो. इनलाइनमध्ये त्याच्या मागे बंद बोल्ट असतो, इथे फक्त घोड्याची वाटी. अस्सल काळी दारू वापरणाऱ्याला त्यातून मिळत काहीच नाही. टोप्या आणि दारूही परवान्यावर नोंद करूनच घ्या आणि परवान्यावरचं प्रमाण ओलांडू नका. घरी दारू बनवण्याचा विषय इथे कोणी काढू नये, स्फोटक अधिनियम १८८४ त्यासाठीच आहे.

---

कुलाब्याचा_गज

मस्केट टोपीच्या बाजूने दोन शब्द. ती मोठी, टोपीसारखी काठ असलेली असते, ओल्या बोटांनीही पकडता येते आणि ११ नंबरपेक्षा आग जास्त देते. मुंबईच्या जुलैमध्ये घामेजल्या हातांनी ११ नंबरची टोपी निपलवर बसवताना ती निसटून गवतात जाते. काळी दारू असो वा पायरोडेक्स, पावसाळी दिवसांत मस्केट निपल ठेवणं मला पटतं. निपलच बदलायचं असल्यामुळे आटे जुळले की बंदुकीला हात लावायची गरज नाही.

---

चाप_आणि_घोडा

कुलाब्याचा_गज यांचं हाताळणीबद्दलचं म्हणणं मान्य. पण कीट कमी करायला मस्केट टोपी घेऊ नये. तिचा तांब्याचा पत्रा जाड आणि आकार मोठा. फुटल्यावर तुकडे घोड्याच्या वाटीत अडकतात, पुढची टोपी पूर्ण बसत नाही आणि ठोका तिरका बसतो. दर पाच-सहा बारांनी वाटी काडीने साफ करावी लागते. शिवाय वाटेत चिखल असेल तर मस्केट टोपीही तो चिखल पुढे दाबतेच, आणि आपल्याला वाटतं प्रश्न सुटला.

नेम_बोरिवली, तुमच्यासाठी क्रम असा. नवीन ११ नंबरचं निपल. साधी टोपी. नळी खनिज तेलापासून मोकळी. मेण-एरंडेलाचा पॅच. यावर १० बार, दर बाराला चिंधी. मग तेच १० बार मॅग्नम टोपीवर, बाकी काहीही न बदलता, त्याच दिवशी. प्रत्येक भराला गजाला किती जोर लागला ते एक ते पाच आकड्यांत लिहा आणि निपलचं भोक शेवटी तारेने तपासा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

तरीही पाचव्या बाराला जड वाटलं तर दोन एफच्या जागी तीन एफ दारू घेऊन बघा, १० टक्के कमी करून, म्हणजे ६३ ग्रेन. बारीक दाणा लवकर आणि पूर्ण जळतो, ५० कॅलिबरच्या गोल गोळीला चालतो आणि कीट कमी ठेवतो. टोपीपेक्षा याचा परिणाम जास्त दिसेल.

बार उशिरा झाला किंवा झालाच नाही तर खांद्यावरून उतरवायची घाई नको. तोंड निशाणाकडेच, पूर्ण एक मिनिट. मग दुसरी टोपी. तीही फुकट गेली तर निपल काढून त्या भोकातून चिमूटभर, तीन-चार ग्रेन बारीक दारू सरकवा, निपल परत लावा, गजाने गोळी दारूवरच आहे याची खात्री करा, गज बाहेर काढा, आणि मग टोपी. गोळी या चिमटीच्या दारूने नुसती बाहेर पडते.

---

मांजरपाट

घरी साफ करताना उकळतं पाणी वापरू नका. तापलेलं पोलाद हवेला लागलं की इथल्या दमटपणात दहा मिनिटांत नारिंगी गंज धरतं. कोमट पाणी, बादलीत दोन लिटर, साबणाचे थेंब. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर निपल काढून बूड बादलीत बुडवा आणि घट्ट चिंधीने पंपासारखं पाणी वर-खाली ओढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरड्या चिंध्या, मग पाणी हटवणारा स्प्रे, तो पुसून गंजरोधक तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरडी चिंधी परत फिरवा. तपकिरी आली तर आदल्या दिवशी बुडाशी पाणी राहिलं होतं.

साठवणीचं तेल खनिज असलं तरी चालतं, पण रेंजवर पहिली दारू ओतण्याआधी स्पिरिटच्या दोन चिंध्या आणि दोन कोऱ्या टोप्या. पहिल्या टोपीने निपलमधलं तेल उडतं, दुसरीने वाट सुकते.

टोप्या मूळ डबीतच ठेवा, डबी झाकणाच्या डब्यात, सोबत निळ्या सिलिका जेलची पुडी. पुडी गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परत निळी करून घ्या, टोप्यांचा डबा त्या वेळी दुसऱ्या खोलीत. दारूचा डबा आणि टोप्यांचा डबा एका कपाटात ठेवायचे नाहीत.